ट्रे फिरतो, पाणी येत नाही : आइस मेकर दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

18 मार्च 2025, मंगळवार

आइस मेकर बंद. डब्याच्या तळाला बर्फाचे मूठभर खडे उरलेत, तेवढेच. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आज बंद पडलाय खरं, पण खडे महिनाभर बारीक बारीकच होत चालले होते. शेवटचे तर मधून पोकळच." हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय. एकाएकी बंद पडलेलं यंत्र आणि मंदावत मंदावत थांबलेलं यंत्र यांचा तपास वेगवेगळ्या टोकांकडून सुरू होतो.

वेळेची मर्यादा आहे. चैत्र पौर्णिमा 12 एप्रिलला. कोल्हापुरात गंगावेशीतून शिवाजी पुलाकडे, जोतिबाच्या यात्रेला जाणारी माणसं दरवर्षी आमच्या दारात घटकाभर टेकतात. आई त्यांना कोकम सरबत देते, थंडगार. बाजारातली लादी आणली तर मिळेल, पण ती कुठल्या पाण्याची असते ते आपल्याला माहीत नसतं, आणि चालून आलेल्या माणसाच्या पोटात काय जातंय याची आईला काळजी असते. मलाही आहे. म्हणून बर्फ घरचाच हवा.

यंत्राची माहिती : दोन दारांचा उभा फ्रीज, डाव्या कप्प्यात फ्रीजर. आइस मेकर पिळणाऱ्या ट्रेचा, म्हणजे छोटी मोटर ट्रे उलटा करून पिळते आणि खडे डब्यात पडतात. मागच्या बाजूला तळाशी पाण्याचा सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्यावर उघडणारा) व्हॉल्व्ह, तिथून पातळ नळी वर चढून फ्रीजरच्या मागच्या भिंतीतून ट्रेवर उघडते. थंडाव्याचा गॅस आर-600ए. दाराच्या आतल्या लेबलवर तसं छापलंय.

घराची माहिती : दिवाळीनंतर स्वयंपाकघर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर नेलं. फ्रीज तेव्हाच वर आला.

19 मार्च, बुधवार

रंगपंचमी. पोरं रंगात, घर रिकामं, शांतपणे बघता आलं.

आधी सगळ्यात सोप्या गोष्टी. आइस मेकरचा स्विच चालू आहे. डबा भरला की यंत्र थांबवणारी दांडी मोकळी खाली-वर होते, तिच्यात गोठलेला गठ्ठा अडकलेला नाही. फ्रीजरच्या दारात कागदाची पट्टी धरून ओढली, चारही बाजूंनी घट्ट ओढ लागते, म्हणजे रबर ठीक.

तापमान : रात्रभर थर्मामीटर वाटाण्याच्या दोन पाकिटांत दाबून ठेवला होता. सकाळी उणे 18. उत्तम. फ्रीजर उणे 10 च्या आसपास रेंगाळत असेल तर ट्रेखालचा सेन्सर "पाणी गोठलं" असं कळवतच नाही आणि यंत्र पुढचं पाऊल टाकत नाही. तो प्रश्न इथे नाही. कॉम्प्रेसर, पंखा, गॅस यांच्यावरचा संशय यादीतून काढला.

20 मार्च, गुरुवार

टेस्ट बटण. आइस मेकरच्या खालच्या कडेला बारीक बटण आहे. ते काही सेकंद दाबून धरलं की सेन्सरची वाट न बघता यंत्र एक पूर्ण फेरी मारतं. दाबलं. ट्रे कुरकुरत पूर्ण उलटा झाला, पिळला गेला, सरळ होऊन परत जागेवर आला. मग फ्रीजच्या मागून व्हॉल्व्हचा "गुंऽऽ" असा आवाज, सुमारे 8 सेकंद. ट्रेमध्ये एक थेंब नाही.

या एका चाचणीनं बरंच काम केलं. मोटर चांगली, दात चांगले, बोर्ड मोटरला आणि व्हॉल्व्हला वेळेवर वीज देतो. उरलं ते पाणी आणि पाण्याची वाट.

संध्याकाळी ओळखीचे फ्रीजवाले मामा येऊन गेले. त्यांनी ट्रे बघितला, मान हलवली. "असेंब्ली गेलीया बघा. नवी मागवतो, चार-आठ दिवसांत येतीया." मी त्यांना बटण दाबून फेरी दाखवली आणि थोडे दिवस थांबायला सांगितलं. असेंब्ली म्हणजे मोटर, ट्रे आणि सेन्सर. त्यातली मोटर डोळ्यांसमोर चालतेय. चालणारा भाग बदलून पाणी कसं येईल?

22 मार्च, शनिवार

प्लग काढला, मगच हात घातला. आइस मेकर दोन स्क्रूंवर बसतो, तो सैल करून खाली घेतला. मागच्या भिंतीतून येणाऱ्या नळीचं तोंड बघितलं तर आत पांढरी गुडदी. बर्फ. बोटानं हलत नाही.

पाणी का येत नाही ते कळलं. नळी का गोठली ते अजून कळलेलं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

बर्फ काढताना एक गोष्ट कटाक्षानं पाळली : टोकदार काहीही वापरलं नाही. फ्रीजरच्या भिंतीमागे थंडाव्याच्या नळ्या असतात. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी घुसली की नळी फुटते आणि फ्रीज बाद होतो. त्यात आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, पेटणारा वायू. फ्रीजमध्ये तो थोडाच असतो, काही दहा ग्रॅमच्या हिशेबात, पण बंद खोलीत ठिणगीजवळ तेवढाही नको. त्यामुळे हीटगन नाही, हेअर ड्रायरही नाही. सुई काढलेली मोठी सिरिंज, तिला सलाईनची मऊ नळी, आणि कोमट पाणी. खाली जुना टॉवेल. थोडं थोडं पाणी सोडत गेलं की गुडदी विरघळत सरकते आणि शेवटी बोटभर लांबीची काडी अख्खी बाहेर येते.

धाकटा पुतण्या शेजारी बसून टॉर्च धरत होता. "काका, ह्यो पाईपचा बर्फ झालाय व्हय?" म्हणून ती काडी त्यानं वाटीत ठेवून घरभर दाखवली.

सगळं परत बसवलं. टेस्ट बटण. ट्रेमध्ये पाणी आलं, पण बारीक, भिंतीला चिकटून ओघळणारं. आलेलं पाणी जाणूनबुजून तसंच ठेवलं. खडे कसे होतात आणि नळी पुन्हा गोठते का, ते बघायचंय.

26 मार्च, बुधवार

नळी पुन्हा गोठली. त्याआधी पडलेले खडे पोकळ आणि पातळ, वहिनींनी सांगितले होते अगदी तसेच.

नळी फ्रीजरच्या थंडीत गोठायची असेल तर मुख्यतः दोन कारणं संभवतात. एक, भरताना धार इतकी बारीक की पाणी नळीतच रेंगाळतं. दोन, व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही थेंब थेंब गळत राहतो आणि प्रत्येक थेंब नळीच्या तोंडाशी गोठून आधीच्या थरावर बसतो. दोन्ही एकदमही असू शकतात. आता दोन्ही वेगवेगळी मोजायची.

धारेची मोजणी आज केली. व्हॉल्व्हच्या पुढची नळी काढून तिला तात्पुरता पाईप जोडला आणि तो फ्रीजच्या माथ्याएवढा उंच धरून मापाच्या भांड्यात सोडला. उंची महत्त्वाची, कारण पाण्याला शेवटी तिथपर्यंतच चढायचंय. खाली जमिनीवर बादलीत मोजलं तर आकडा फसवा येतो.

निकाल : मिनिटाला जेमतेम 200 मिली. बोर्ड व्हॉल्व्ह 8 सेकंद उघडा ठेवतो, म्हणजे एका भरण्यात 27 मिलीच्या आत. या मापाच्या ट्रेला साधारण 120 मिली लागतं. ट्रेला पाव हिस्साही पाणी मिळत नाही. तेवढं पाणी चटकन गोठतं, सेन्सर "झालं" म्हणतो, ट्रे पिळतो, पातळ चकत्या पडतात. यंत्र आपलं काम बिनचूक करतंय, त्याला पाणीच पुरत नाही.

27 मार्च, गुरुवार

आता गळतीची मोजणी. काल रात्री प्लग काढून ठेवला, पाण्याची चावी मात्र उघडी. व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाखाली स्टीलचा पेला. वीज नाही म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायलाच हवा. सकाळी पेल्यात पाव भाग पाणी.

व्हॉल्व्ह गळतोय. इथे थांबून नवा व्हॉल्व्ह आणता आला असता, बहुतेक जण आणतातही. पण उद्यमनगरात मशिनांची देखभाल करताना सोलेनॉइड व्हॉल्व्ह रोज हातात असतात, आणि गळणाऱ्या व्हॉल्व्हचा दाब बघितल्याशिवाय त्याला वाईट म्हणायचं नाही, हे तिथे शिकलोय.

कॉइल मीटरवर मोजली : 3.9 किलो-ओहम. 230 व्होल्टच्या अशा कॉइलला हे योग्यच. (काही फ्रीजमध्ये व्हॉल्व्ह 12 व्होल्ट डीसीचा असतो, त्याचा आकडा खूपच लहान येतो. आधी व्हॉल्व्हवरचं लेबल वाचायचं, मग मीटर लावायचा.)

व्हॉल्व्हच्या आत काय चालतं ते नीट लिहून ठेवतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. पाण्याच्या वाटेत रबरी पडदा बसवलेला असतो. पडद्याला कडेला एक बारीक छिद्र. त्यातून येणारं पाणी पडद्याच्या वरच्या कप्प्यात भरतं आणि नळातलाच दाब पडद्याला वरून दाबून धरतो. व्हॉल्व्ह बंद राहतो तो या दाबानं. कॉइलला वीज मिळाली की मधला छोटा दांडा वर उचलला जातो, पडद्याच्या मध्यावरचं छिद्र मोकळं होतं, वरच्या कप्प्यातलं पाणी पुढे निसटतं, वरचा दाब उतरतो, आणि खालून येणारं पाणीच पडदा उचलून वाट करून घेतं. म्हणजे कॉइल फक्त इशारा करते. उघडायचं आणि मिटायचं, दोन्ही कामं पाणी करतं, आणि त्या पाण्यात दम नसेल तर पडदा धड उचलतही नाही आणि धड बसतही नाही.

बारीक धार आणि गळती हे दोन वेगळे दोष धरून चाललो होतो. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं : दाब.

30 मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, कडुलिंब-गूळ झाला, आणि दुपारच्या जेवणानंतर गच्चीवर टेप घेऊन गेलो.

टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून फ्रीजच्या व्हॉल्व्हपर्यंत उभं अंतर साडेचार मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलोचा दाब असतो (किलो म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर, आपल्याकडच्या गेजवर तसंच छापलेलं असतं). म्हणजे इथे 0.45 किलो. फ्रीजच्या पुस्तिकेत किमान 20 पीएसआय मागितलंय, ते होतात सुमारे 1.4 किलो. गरजेच्या तिसरा हिस्साही नाही, आणि त्यातही वाटेतले फिल्टर धरलेले नाहीत.

वाटेत तीन फिल्टर आहेत : गाळ अडवणारी स्पन कँडल, वास आणि क्लोरीन काढणारा कार्बन ब्लॉक, आणि शेवटी अतिबारीक छिद्रांचा यूएफ. व्हॉल्व्हच्या तोंडाशी टी घालून गेज लावला. व्हॉल्व्ह बंद असताना काटा 0.4 वर. व्हॉल्व्ह उघडला की काटा शून्याला टेकतो. साचून राहिलेलं पाणी दाब दाखवतं आणि वाहायला लागलं की फिल्टर तो सगळा खाऊन टाकतात. म्हणून दाब वाहत्या पाण्यातच मोजायचा.

मग तळमजल्यावर सगळं चाललं कसं? खाली फ्रीजची लाईन न्हाणीघराच्या प्रेशर पंपावरून घेतलेली होती. वर आल्यावर ती गच्चीवरच्या टाकीच्या साध्या लाईनला जोडली गेली. सिंकच्या नळाला धार बरी येते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. अर्ध्या इंचाच्या नळाला 0.4 किलो पुरतं, पाव इंची पाईप आणि तीन फिल्टरना पुरत नाही. हिवाळ्यात कँडल नव्या होत्या तेव्हा कसंबसं भागलं. त्या गाळानं भरत गेल्या तसे खडे बारीक होत गेले. वहिनींच्या महिनाभराच्या निरीक्षणाचा हिशेब इथे लागला.

2 एप्रिल, बुधवार

आजची चाचणी मनासारखी झाली, म्हणून सविस्तर.

संध्याकाळी व्हॉल्व्ह फ्रीजवरून काढला. आत येणाऱ्या तोंडाशी छोटी जाळी असते, तिच्यात तांबूस गाळ. मऊ ब्रशनं धुतली, मग अर्धा तास लिंबूसताच्या कोमट पाण्यात व्हॉल्व्हचा पाण्याचा भाग ठेवला. क्षार फारसे निघाले नाहीत. आमच्याकडे नळाचं पाणी मऊच असतं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शंभराच्या खालीच दाखवतो. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी नोव्हेंबर 2023 मध्ये शहराच्या पुईखडी केंद्राला पोचलं. ते धरणाचं पाणी, आणि नदीचंही क्षारांच्या बाबतीत हलकंच. (बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात मात्र याच जाळीवर आणि पडद्यावर पांढरा थर बसतो, तिथे हे लिंबूसताचं काम आधी करावं.)

साफ केलेला व्हॉल्व्ह वरच्याच लाईनला परत लावून बघितला. गळती होतीच, थोडी कमी झाली इतकंच.

मग तोच व्हॉल्व्ह, तसाच, घेऊन तळमजल्यावर न्हाणीघरात गेलो. तिथे प्रेशर पंपाची लाईन, गेजवर 2 किलो. पाव इंची पाईपनं व्हॉल्व्ह जोडला, बाहेरचं तोंड बादलीत. वीज न देता पाणी सोडलं. पहिल्या क्षणी दोन-तीन थेंब, आणि बंद. घट्ट बंद. पेला लावून ठेवला तो कोरडाच राहिला. फ्रीजवाल्या मामांना मुद्दाम बोलावलं होतं. ते बादलीपाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे व्हॉल्व्ह बरा हाय," ते म्हणाले, "पाणीच अशक्त हाय."

मग म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात एका घरी असाच गळका व्हॉल्व्ह बदलून दिला होता, आणि दोन महिन्यांत त्यांचा परत फोन आला. त्या घरी जाऊन दाब बघतो म्हणाले. माझा गेज त्यांना देऊन टाकला, माझ्याकडे कामावरचा दुसरा आहे.

3 एप्रिल, गुरुवार

दाब कुठून आणायचा, यावर घरात चर्चा.

पहिला मार्ग : न्हाणीघराच्या प्रेशर लाईनवरून पाईप वर ओढायचा आणि थेट फ्रीजला द्यायचा. स्वस्त, एका दुपारचं काम. पण ते टाकीचं साधं पाणी. गोठल्यानं जंतू मरतात असं बरेच जण धरून चालतात, ते खरं नाही. बरेचसे जंतू बर्फात टिकून राहतात आणि बर्फ पेल्यात विरघळला की पाण्यात जिवंतच असतात. पिण्याच्या लायकीचं नसलेलं पाणी बर्फाच्या लायकीचंही नसतं. आईनं हा मार्ग ऐकताक्षणी मोडीत काढला, आणि बरोबरच होतं तिचं.

दुसरा मार्ग : फिल्टर आहेत तसे ठेवायचे आणि त्यांना ढकलणारा छोटा पंप घालायचा. आरओ मशिनमध्ये 24 व्होल्ट डीसीचा जो डायफ्रॅम पंप असतो तोच. दुकानात सहज मिळतो, आवाज कमी, आणि 24 व्होल्ट असल्यानं ओल्या जागेत जिवाला धोका कमी.

पण नुसता पंप लावून चालत नाही. आइस मेकर एका वेळी मागतो 120 मिली, तेही 8 सेकंदांत. एवढ्या घोटासाठी पंप दर वेळी झटक्यात सुरू होऊन झटक्यात बंद झाला तर त्याचे आणि स्विचचे दिवस लवकर भरतात. म्हणून मध्ये प्रेशर टाकी हवी : आत रबरी फुगा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप टाकी भरून थांबतो, आइस मेकर टाकीतलं पाणी घेत राहतो, बरंच पाणी गेलं की मगच पंप पुन्हा लागतो.

ठरलेली जोडणी, पाण्याच्या वाटेनं : गच्चीची टाकी, स्पन कँडल, पंप, कार्बन, यूएफ, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, दाब पुरेसा झाला की पंप थांबवणारा हाय प्रेशर स्विच, टी वरून प्रेशर टाकी, पाव इंची चावी, फ्रीज. स्पन पंपाच्या आधीच हवी, नाहीतर गाळ पंपाच्या पडद्यात जातो. कार्बन आणि यूएफ पंपाच्या पुढे, म्हणजे ढकलायचा जोर त्यांच्यावर खर्च होऊ दे, फ्रीजच्या वाट्याचा दाब टाकीत शिल्लक राहील.

5 एप्रिल, शनिवार

सामान आणलं. पंप, 24 व्होल्टचा अडॅप्टर, हाय प्रेशर स्विच, 3.2 गॅलनची प्रेशर टाकी (साधारण 12 लिटर), स्पन आणि कार्बनच्या नव्या कँडल, नवी यूएफ, पाव इंची पाईप, जोड आणि त्यांचे निळे लॉक. दुकानदार जोडाला हातानं पाईप लावून दाखवत होता. तिथेच एक गोष्ट पुतण्याला समजावली : पाईप कात्रीनं तिरका कापला तर आतली रिंग कड धरत नाही आणि रात्री कधीतरी गळायला लागतो. ब्लेडनं काटकोनात कापायचा, टोकावर पेनानं खूण करायची, आणि खूण जोडात गडप होईपर्यंत आत ढकलायचा.

6 एप्रिल, रविवार. रामनवमी

दिवसभर जोडणी.

प्रेशर टाकी रिकामी असताना तिच्यातली हवा तपासली, सायकलच्या व्हॉल्व्हसारखंच तोंड असतं. 7 पीएसआय, ठीक. ही हवा टाकी रिकामी असतानाच मोजायची. भरल्यावर मोजली तर पाण्याचाच दाब दिसतो.

टाकी सिंकखाली आडवी बसवली. पंप भिंतीला रबरी वॉशर घालून, म्हणजे थरथर ओट्याला लागत नाही. गच्चीच्या टाकीत मोटरसाठी फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) आहेच, त्याच्या शेजारी दुसरा छोटा फ्लोट सोडून अडॅप्टरची 24 व्होल्टची तार त्यातून फिरवली. टाकी रिकामी झाली की पंप लागणारच नाही, कोरडा फिरणार नाही. फ्रीजच्या मागे पाईपचे दोन-तीन वेढे मोकळे ठेवले. फ्रीज पुढे ओढून झाडायचा तर पाईप ताणला जायला नको.

पाणी सोडलं. फ्रीजला जोडण्याआधी पूर्ण टाकी बादलीत ओतून दिली, नव्या कार्बनची काळी भुकटी त्यात आली. दुसऱ्या भरण्याला पाणी स्वच्छ.

गेज : पंप 2.7 किलोला थांबला. पाणी काढत गेलो तसा काटा उतरला, 2.0 ला पंप पुन्हा लागला. फ्रीजला हवेत 1.4. वाहत्या पाण्यातही काटा 1.8 च्या खाली गेला नाही.

रात्री प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला. थेंब पडला तर सकाळी डाग दिसेल.

7 एप्रिल, सोमवार

टिश्यू सगळे कोरडे. व्हॉल्व्हच्या तोंडाखालचा पेलाही कोरडा, रात्रभर.

कामावरून आल्यावर नळी पुन्हा सिरिंजनं पूर्ण मोकळी केली आणि व्हॉल्व्ह जोडला. टेस्ट बटण, पाणी मापाच्या भांड्यात धरलं : 120 मिलीच्या जवळपास. जास्त दाबानं ट्रे उतू जाईल ही भीती वहिनींना होती. तसं होत नाही, कारण व्हॉल्व्हमध्ये एक मऊ रबरी चकती असते. दाब वाढला की ती दबून छिद्र आक्रसतं आणि धार जवळजवळ तेवढीच राहते. मात्र ती दिलेल्या मर्यादेतच काम करते, किमान दाबाच्या खाली तिचाही इलाज चालत नाही.

ट्रे भरला. धार आता नळीच्या भिंतीला चिकटत नाही, मोकळी तुटून ट्रेमध्ये पडते.

8 एप्रिल, मंगळवार

सकाळी डब्यात खडे. भरीव, पूर्ण आकाराचे. पहिल्या दिवसाचे सगळे टाकून दिले. नव्या पाईपचा आणि कँडलचा वास त्यांना लागतो. आईनं ते तुळशीला घातले.

ट्रेखालचा सेन्सर आता तपासायचं कारण उरलं नाही, खडे नीट गोठून नीट वेळेवर पडतायत. तरी पद्धत लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाच्या घरी लागेल : पेल्यात बर्फ आणि पाणी घालून ढवळत राहिलं की तापमान शून्यावर येतं. सेन्सर त्यात बुडवून रोध मोजायचा. 25 अंशाला 10 किलो-ओहमचा जो प्रकार सर्रास मिळतो त्याचा शून्याला 32-33 किलो-ओहम येतो. आपल्या फ्रीजचा प्रकार कोणता ते पुस्तिकेत बघून मगच तुलना करायची.

10 एप्रिल, गुरुवार

आइस मेकर काढून नळीचं तोंड बघितलं. मोकळं. आत हिमाचा पातळ पांढरा थर, तो असतोच, पण गुडदी नाही. याच टप्प्यावर मागच्या वेळी नळी बुजली होती.

यात्रेसाठी वहिनींनी खडे आजपासून पिशव्या बांधून खालच्या खणात रचायला घेतलेत. आइस मेकरचा डबा भरला की दांडी वर राहते आणि यंत्र थांबतं. खडे काढत राहिलं तरच ते पुढचे करतं. पुतण्यानं दर काही तासांनी डबा रिकामा करायची जबाबदारी घेतलीय आणि पिशव्यांवर तारखा घालतोय.

मामांचा फोन. त्या घरी दाब 0.3 निघाला. तिथे प्रेशर पंपाची लाईन फिल्टरच्या आधीपर्यंत आलेलीच होती, फक्त बंद चावीमागे. चावी उघडून, कँडल बदलून काम झालं, त्याशिवाय नवा भाग एकही लागला नाही. त्यांनी त्या घरच्यांकडून फक्त कँडलचे पैसे घेतले.

12 एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा

पहाटेपासून रस्ता "चांगभलं"नं भरलेला. सरबताची पातेली दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा भरावी लागली, बर्फ पुरला. आइस मेकर दुपारी एकदा पंपासह चालताना ऐकू आला, आवाज पूर्वीसारखाच, लहान.

सिंकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरची नोंद : स्पन कँडल पावसाळ्यात दर दोन महिन्यांनी बघायची, गाळ त्या काळात जास्त येतो. कार्बन आणि यूएफ ऑक्टोबरमध्ये. प्रेशर टाकीची हवा दिवाळीच्या साफसफाईत, टाकी रिकामी करून. गावाला जाणार असलो तर चावी बंद, पंपाचा प्लग बंद, आणि परतल्यावर एक टाकी पाणी ओतून देऊन मगच फ्रीजला. खडे पुन्हा बारीक दिसले तर आधी गेज.

गेज त्याच कागदाशेजारी खिळ्याला टांगलाय.